झांझिबार : सागरकिनाऱ्यावरील सुट्टी आणि इतिहासाची निवड

प्रस्तावना :

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ कि.मी. अंतरावर, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सहा अंशांवर झांझिबारचा द्वीपसमूह आहे. उंगुजा व पेंबा ही त्यांतील दोन प्रमुख बेटे होत. पर्यटक ज्या बेटास 'झांझिबार' म्हणून ओळखतो ते वस्तुतः उंगुजा होय. २०२२ च्या जनगणनेनुसार या द्वीपसमूहाची लोकसंख्या सुमारे १९ लाख आहे. २०२३ या एका वर्षात येथे सहा लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. स्थानिक लोकसंख्येच्या एक-तृतीयांशाइतके पाहुणे जेथे वर्षभरात येऊन जातात, तेथे पर्यटन हा निव्वळ अर्थशास्त्राचा विषय राहत नाही. कोणता भूतकाळ जपावा, कोणता दाखवावा आणि कोणता विसरू द्यावा, हे प्रश्न तेथे पर्यटनाच्या अनुषंगाने सतत निर्माण होतात.

झांझिबारविषयीच्या प्रवाससाहित्यात 'किनारा आणि संस्कृती' ही जोडी वारंवार आढळते. तीन दिवस वाळूवर विश्रांती, एक दिवस जुन्या नगरात फेरफटका आणि अर्धा दिवस मसाल्याच्या बागा, असा त्याचा ठरीव साचा असतो. या साच्यात किनारा निसर्गाकडे आणि संस्कृती नगराकडे सोपवली जाते. स्वाहिली संस्कृतीच्या संदर्भात ही विभागणी मुळातच टिकत नाही. 'स्वाहिली' हा शब्दच किनारे या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला आहे. ज्या समाजाचे नावच किनाऱ्यावरून पडले, त्याचा किनारा संस्कृतीपासून वेगळा काढता येत नाही.

सहलीचे नियोजन करताना आपण काही स्थळे घेतो व काही वगळतो. ही निवड इतिहासकाराने केलेल्या साधनांच्या निवडीसारखीच असते व तिच्यातूनही भूतकाळाचे एक विशिष्ट चित्र तयार होते. प्रस्तुत लेखात झांझिबारच्या सहलीच्या नियोजनाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. भारतीय, आणि विशेषतः मुंबई-नाशिकशी परिचित असलेल्या वाचकाचा या इतिहासाशी थेट संबंध येतो, हेही त्या ओघात स्पष्ट होईल.

वारे आणि कालनिश्चिती :

झांझिबारला केव्हा जावे, या प्रश्नाचे उत्तर आज हवामानाच्या तक्त्यावरून दिले जाते. मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत 'मसिका' हा मोठा पाऊस असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबरपर्यंत 'वुली' हा लहान पाऊस पडतो. जून ते ऑक्टोबर हा कोरडा व तुलनेने थंड काळ, तर जानेवारी व फेब्रुवारी हे कोरडे पण उष्ण महिने प्रवासास सोयीचे ठरतात. हाच तक्ता या बेटाच्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे.

डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यास स्वाहिलीत 'कास्काझी' म्हणतात. या वाऱ्यावर अरबस्तान, इराणचे आखात, कच्छ व काठियावाड येथील शिडाची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागत. एप्रिलनंतर वारा फिरून दक्षिणेकडून 'कुसी' वाहू लागे आणि परतीचा प्रवास सुरू होई. मधल्या काळात व्यापाऱ्यांना बंदरात मुक्काम करणे भाग पडे. या सक्तीच्या मुक्कामातून सोयरिकी झाल्या, मशिदी उभ्या राहिल्या आणि भाषांची देवाणघेवाण झाली. दक्षिण टोकावरील किझिमकाझी येथील मशिदीत हिजरी ५०० म्हणजे इ.स. ११०७ चा कुफी लिपीतील कोरीव लेख आहे. बारा शतकांच्या आसपास चाललेल्या या संपर्काचा तो एक भक्कम पुरावा होय.

स्वाहिली ही बांटू कुळातील भाषा असून तिच्या शब्दसंग्रहात अरबी शब्दांचा मोठा भरणा आहे. त्याचबरोबर मराठी भाषकाच्या कानास ओळखीचे वाटतील असे शब्दही तिच्यात आहेत. गाडीस 'गारी', विम्यास 'बिमा', दुकानास 'दुका' आणि लाखास 'लाकी' म्हणतात. जेवणाच्या पानावर 'चपाती', 'पिलाऊ' आणि 'काचुम्बारी' असते. हे शब्द कोणत्याही राजाज्ञेने तेथे गेले नाहीत. वखारीत, गलबतावर आणि हिशेबाच्या वहीवर ते रुजले. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत तेथे जाणारा भारतीय प्रवासी नकळत कास्काझीच्याच जुन्या वेळापत्रकाने प्रवास करीत असतो. शिडाची होडी पाहण्यापूर्वी त्यास हे ठाऊक असेल, तर ती होडी त्यास केवळ छायाचित्राचा विषय वाटणार नाही.

प्रवाळदगडाचे नगर :

उंगुजाच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'स्टोन टाउन' या जुन्या नगरास युनेस्कोने २००० मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. अरुंद गल्ल्या, कोरीव दरवाजे आणि घरांबाहेरील 'बाराझा' म्हणजे दगडी ओटे पाहून हे नगर अतिप्राचीन असावे असा प्रवाशाचा समज होतो. वस्तुतः आज दिसणारी बहुतेक दगडी घरे एकोणिसाव्या शतकातील आहेत. पोर्तुगीजांचा सोळाव्या शतकापासूनचा अंमल १६९८ मध्ये मोम्बासाचा किल्ला पडल्यावर या किनाऱ्यावरून ओसरला व ओमानच्या अरबांचे वर्चस्व आले. पुढे ओमानचा शासक सय्यद सईद बिन सुलतान याने १८३० ते १८४० या दशकात आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला आणली. नगराचा विस्तार प्रामुख्याने त्यानंतरचा आहे.

येथील घरांची बांधणी स्थानिक साधनांवर आधारलेली होती. प्रवाळयुक्त दगड, चुना आणि तिवराचे वासे यांतून भिंती व छपरे उभी राहत. 'बोरिती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाशांची लांबी मर्यादित असल्याने खोल्या अरुंद व लांबट होत. म्हणजे दिवाणखान्याची रुंदी घरमालकाच्या ऐपतीपेक्षा तिवराच्या झाडाने ठरवली. दरवाज्यांच्या बाबतीत मात्र मालकाची ओळख दिसते. पितळी खिळे व कोरीव चौकटी यांवर गुजराती कारागिरीची छाप अनेक ठिकाणी स्पष्ट आहे. बंदरासमोरील नक्षीदार सज्ज्यांचा जुना दवाखाना खोजा व्यापारी थारिया तोपन याने राणी व्हिक्टोरियाच्या १८८७ मधील सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने उभारावयास घेतला. तो १८९१ मध्ये निवर्तला आणि इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली.

या नगराचा मुंबईशी असलेला संबंध अधिक खोल आहे. सय्यद सईद १८५६ मध्ये मृत्यू पावल्यानंतर त्याच्या मुलांत वारसाचा वाद झाला. मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशीनंतर १८६१ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने निवाडा देऊन मस्कत व झांझिबार ही दोन राज्ये वेगळी केली. झांझिबारने मस्कतला दरवर्षी ४०,००० रौप्यमुद्रा द्याव्यात असे त्यात ठरले. झांझिबारमधील ब्रिटिश वकिलात त्या काळी मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. सईदचा एक पुत्र बरघश याने बंड केले तेव्हा त्यास १८५९ मध्ये मुंबईस धाडण्यात आले. सुमारे दोन वर्षे तो तेथे राहिला. १८७० मध्ये सुलतान झाल्यावर त्याने नगरात नळाचे पाणी आणले आणि १८८३ मध्ये 'बैत-अल-अजाइब' म्हणजे आश्चर्यगृह बांधले. पुढे विजेचे दिवे व उद्वाहन यांमुळे हे नाव लोकांच्या तोंडी बसले. वसाहतकालीन मुंबईतील शहरसुधारणांचा अनुभव एका निर्वासित राजपुत्राच्या द्वारे हिंदी महासागरापलीकडे पोहोचला, असे म्हणावयास येथे आधार आहे.

२५ डिसेंबर २०२० रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना आश्चर्यगृहाचा एक भाग कोसळला व त्यात दोन कामगार मृत्युमुखी पडले. जागतिक वारसा ठरलेल्या वास्तूही किती जर्जर असतात आणि त्यांच्या जतनाची किंमत कोण मोजतो, याची ही दुःखद खूण होय.

लवंग, श्रम आणि भांडवल :

मसाल्याच्या बागेची सहल हा आजच्या पर्यटनातील लोकप्रिय भाग आहे. वाटाड्या पाने चुरून वास देतो, पर्यटक मसाल्याची नावे ओळखतात आणि शेवटी पुड्या विकत घेतात. लवंग येथे स्वदेशी नाही, ही गोष्ट त्या गमतीत सहसा मागे पडते. मूळ मोलुका बेटांतील हे झाड फ्रेंचांनी हिंदी महासागरातील आपल्या बेटांत नेले आणि तेथून एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते झांझिबारला आले. सय्यद सईदने लागवडीस उत्तेजन दिले आणि अवघ्या काही दशकांत झांझिबार जगातील प्रमुख लवंग-उत्पादक बनले.

लवंगेच्या कळ्या उमलण्यापूर्वी हाताने खुडाव्या लागतात व त्या सर्व एकाच वेळी तयार होत नाहीत. साहजिकच एकाच झाडाची वेचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. या कामास माणसे पुष्कळ लागतात. ती माणसे खंडाच्या अंतर्भागातून पकडून आणलेले गुलाम होते. अब्दुल शेरीफ यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुलाम, मसाले व हस्तिदंत यांचा व्यापार एकमेकांत कसा गुंतलेला होता, हे साधार दाखवले आहे. हस्तिदंताची मागणी युरोप, अमेरिका व भारतात होती. तो वाहून आणणाऱ्या तांड्यांना उसनवार लागे आणि ही उसनवार देणारे बहुसंख्य सावकार भारतीय होते.

कच्छमधील मुंद्रा येथील जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे कित्येक दशके झांझिबारच्या जकातीचा मक्ता होता. ठरावीक रक्कम सुलतानास द्यावयाची आणि वसुली पेढीने ठेवावयाची, अशी ती व्यवस्था होती. पुढे हा मक्ता थारिया तोपन याच्याकडेही गेला. बंदरात उतरणाऱ्या गुलामांवर जकात असल्याने मक्तेदाराचे उत्पन्न गुलामांच्या व्यापारापासून अलग राहू शकत नव्हते. इतकेच नव्हे, तर अनेक भारतीयांच्या घरी व मळ्यांवर स्वतःचे गुलाम होते. ब्रिटिश वकील रिग्बी याने १८६० च्या सुमारास ब्रिटिश प्रजाजन ठरणाऱ्या भारतीयांना आपले गुलाम मुक्त करण्यास भाग पाडले व त्यायोगे हजारो माणसे मुक्त झाली.

भारतीय अभ्यासकांच्या लेखनात परदेशस्थ भारतीयांचा इतिहास बहुधा साहस व कष्ट यांची कथा म्हणून येतो. झांझिबारमध्ये ती कथा अपुरी ठरते. कोरीव दरवाजा पाहून 'हे आपल्या लोकांचे काम' असा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तो दरवाजा ज्या पैशातून उभा राहिला त्या पैशाचा हिशेबही त्याच अभिमानाबरोबर स्वीकारावा लागतो.

याच व्यापाराची दुसरी बाजू १९३० नंतरच्या दशकात दिसते. ब्रिटिश संरक्षित राज्याच्या सरकारने १९३४ मध्ये जमीन-हस्तांतर व लवंग-व्यापार यांवर निर्बंध घालणारे कायदे केले. कर्जबाजारी मळेवाल्यांचे रक्षण हा त्यांचा सांगितलेला हेतू होता. त्यांचा फटका भारतीय व्यापाऱ्यांना बसला. १९३७ मध्ये लवंग-उत्पादक संघाच्या मक्तेदारीस आणखी बळ मिळाले, तेव्हा झांझिबारच्या भारतीयांनी प्रतिकार केला आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. भारत हा लवंगेचा मोठा ग्राहक असल्याने हा बहिष्कार परिणामकारक ठरला व १९३८ मध्ये तडजोड झाली. भारतीय घरातील मसाल्याचा डबा एका दूरच्या बेटाच्या राजकारणात सहभागी होता, याचे हे उदाहरण होय. या प्रसंगात सावकार कोण व ऋणको कोण, हा प्रश्न मात्र राष्ट्रीय चळवळीच्या भाषेत काहीसा झाकला गेला.

बाजाराची जागा आणि नाशिकची आठवण :

मुंबईचा माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८७३ च्या प्रारंभी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार घेऊन झांझिबारला आला. सुलतान बरघशने प्रथम नकार दिला. पुढे आरमारी नाकेबंदीच्या धमकीनंतर ५ जून १८७३ रोजी त्याने सही केली आणि गुलामांचा बाजार बंद झाला. बाजाराच्या जागी बिशप स्टीअर यांच्या पुढाकाराने अँग्लिकन चर्च उभारण्यात आले. जेथे फटके मारण्याचा खांब होता तेथे वेदी आहे असे सांगितले जाते. १८७३ च्या कराराने व्यापार थांबला तरी गुलामगिरी थांबली नाही. तिची कायदेशीर मान्यता १८९७ मध्ये रद्द झाली आणि उपस्त्रिया म्हणून ठेवलेल्या गुलाम स्त्रियांना १९०९ पर्यंत वाट पाहावी लागली.

या परिसरात पर्यटकांना एका इमारतीखालील तळघरे 'गुलामांच्या कोठड्या' म्हणून दाखवली जातात. ती इमारत मिशनच्या काळातील, म्हणजे बाजार बंद झाल्यानंतरची असल्याने या दाव्याविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. अशी शंका घेण्याने गुलामांच्या यातना कमी होत नाहीत. साधनांची चिकित्सा न करता उभारलेली स्मृती पुढे नाकारणाऱ्यांच्या हाती आयतेच शस्त्र देते, म्हणून ही चिकित्सा आवश्यक ठरते. त्याच आवारात जमिनीतील खड्ड्यात साखळदंडाने जखडलेल्या मानवाकृतींचे १९९८ मधील शिल्प आहे. ते आपण स्मारक आहोत हे लपवत नाही आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटते.

महाराष्ट्रातील अभ्यासकास या ठिकाणी नाशिकची आठवण होणे अपरिहार्य आहे. ब्रिटिश आरमाराने समुद्रावर सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी अनेकांना मुंबईत उतरवण्यात आले. नाशिकजवळील शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत त्यांना शिक्षण व हस्तव्यवसाय शिकवले जात. त्यांना 'नाशिकची मुले' अशी ओळख मिळाली. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६६ मध्ये मुंबईहून आपल्या अखेरच्या प्रवासासाठी निघाला तेव्हा यांपैकी काहीजण त्याच्याबरोबर होते. जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी. स्टॅन्लीने १८७२ मध्ये झांझिबारहून पाठवलेल्या तुकडीतून तो लिव्हिंगस्टनकडे गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन मरण पावल्यावर त्याच्या सोबत्यांनी त्याचे शव शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणले. वेनराइट त्या शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबी येथील दफनविधीस उपस्थित राहिला. शरणपूरच्या वसाहतीतील अनेकांना १८७४-७५ च्या सुमारास मोम्बासाजवळ नव्याने वसवलेल्या फ्रिअरटाउन येथे नेण्यात आले.

झांझिबारच्या चर्चमधील एक क्रूस लिव्हिंगस्टनचे हृदय ज्या झाडाखाली पुरले त्या झाडाच्या लाकडाचा आहे असे सांगतात. त्या झाडावर नाव कोरणारा हात वेनराइटचा होता. गोदाकाठी अक्षरे गिरवलेल्या त्या हाताचा उल्लेख पर्यटकांच्या पुस्तिकेत सहसा नसतो. आपल्या अध्यापकाने तो विद्यार्थ्यांना सांगितला पाहिजे.

खाडीपलीकडचे शहर :

दगडी नगराच्या पूर्वेस पूर्वी एक खाडी होती. तिच्या पलीकडील वस्तीस 'न्गांबो' म्हणजे 'पलीकडची बाजू' म्हणत. खाडी विसाव्या शतकात बुजवली गेली, तिच्या जागी रस्ता झाला, तरी सीमा मनात उरली. पलीकडे मातीची घरे, मुक्त झालेले गुलाम व त्यांचे वंशज, मुख्य भूमीवरून आलेले मजूर आणि बेटावरील गरीब लोक राहत. पर्यटकांचे पाऊल बहुधा या रस्त्यापाशी थांबते. नगराची बहुसंख्य प्रजा मात्र पलीकडेच होती.

सिती बिन्ती साद (सुमारे १८८० ते १९५०) ही गायिका या पलीकडच्या जगाची प्रतिनिधी. फुम्बा या खेड्यातील गुलामवंशीय कुटुंबात तिचा जन्म झाला. दरबारी आश्रयाने वाढलेले 'ताराब' संगीत तोवर अरबी भाषेत गायले जाई. सितीने ते स्वाहिलीत गाऊन सामान्यांचे केले. १९२८ मध्ये ती ध्वनिमुद्रणासाठी मुंबईस आली. अशा रीतीने ध्वनिमुद्रिका निघालेल्या पूर्व आफ्रिकेतील पहिल्या गायिकांत तिची गणना होते. ज्या वर्षी तिचा आवाज मुंबईत मुद्रित झाला, त्याच वर्षी न्गांबोतील रहिवाशांनी घराखालच्या जमिनीच्या भाड्याविरुद्ध संप केला. जमीनमालकांत अरबांबरोबर भारतीयही होते. लॉरा फेअर यांच्या २००१ मधील ग्रंथात गाणे, वेशभूषा, फुटबॉल व भाड्याचा संप यांचा एकत्र विचार केलेला आहे. संस्कृती व अर्थकारण यांची फारकत न करण्याचा तो एक अनुकरणीय प्रयत्न होय.

१० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले. १२ जानेवारी १९६४ रोजी क्रांती झाली, सुलतानशाही संपली. हिंसाचारात हजारो लोक, विशेषतः अरब, मारले गेले. अनेक भारतीय कुटुंबे देशोधडीस लागली. २६ एप्रिल १९६४ रोजी टांगानिकाशी संयोग होऊन पुढे टांझानिया अस्तित्वात आला. पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारूख बलसारा, जो पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगप्रसिद्ध गायक झाला, त्याचे पारशी कुटुंब याच वर्षी इंग्लंडला गेले. १९४८ मध्ये झांझिबारला जन्मलेले व क्रांतीनंतरच्या काळात देश सोडावा लागलेले अब्दुलरझाक गुर्ना यांना २०२१ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्थलांतर व विस्थापन हाच त्यांच्या कादंबऱ्यांचा विषय आहे.

क्रांतीनंतर दगडी घरे सरकारजमा झाली व त्यांत खेड्यांतील कुटुंबे राहावयास आली. न्गांबोत मिचेन्झानी येथे पूर्व जर्मनीच्या साहाय्याने लांबच लांब बहुमजली चाळी उभ्या राहिल्या. वारशाच्या यादीत त्यांना स्थान नाही. तथापि एका क्रांतीने आपल्या लोकांना काय देऊ केले, हे समजण्यासाठी त्या चाळी सुलतानाच्या महालाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. १९६४ कडे भारतीयाने केवळ आपल्या हानीच्या बाजूने पाहिले तर न्गांबोतील भाडेकरू दिसत नाही. केवळ क्रांतीच्या बाजूने पाहिले तर निरपराध मृत दिसत नाहीत. दोन्ही दृश्ये एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवणे अवघड असले तरी इतिहासाच्या अभ्यासकास ते टाळता येत नाही.

किनारा : श्रमाची भूमी :

उंगुजाची भूरचना दोन प्रकारची आहे. पश्चिम भागात सुपीक माती, तर पूर्व व दक्षिण भागात प्रवाळखडकावर मातीचा पातळ थर आहे. लवंगेचे मळे पश्चिमेस वाढले. तसतसा स्थानिक हादिमु समाजाचा तेथील वावर आक्रसला आणि पूर्व व दक्षिणेकडील खडकाळ पट्टा हाच त्यांचा मुख्य आधार राहिला. मासेमारी, नारळ व तुटपुंजी शेती यांवर तेथील खेडी जगली. आज पर्यटकांना मोहविणारी पांढरी वाळू नेमकी याच पट्ट्यात आहे. एकोणिसाव्या शतकात जी जमीन निरुपयोगी म्हणून मळेवाल्यांनी सोडून दिली, तीच १९८० च्या दशकानंतर सर्वाधिक मोलाची ठरली. लवंगेचे भाव कोसळल्यावर सरकारने १९८५ च्या सुमारास उदारीकरणाचे धोरण स्वीकारले आणि किनाऱ्यावर हॉटेले आली. क्रांतीनंतर जमीन राज्याच्या मालकीची झाल्याने हॉटेलांस ती भाडेपट्ट्याने मिळते. गावकऱ्याचा समुद्राकडे जाणारा जुना रस्ता त्या पट्ट्यातून जातो की नाही, हा तेथील रोजचा प्रश्न आहे.

पूर्व किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाणी फार दूरवर ओसरते. पोहण्यास आलेल्या पर्यटकास तो विरस वाटतो. पाजे, जम्बियानी या गावांतील स्त्रियांसाठी मात्र ती कामाची वेळ असते. १९८९ च्या सुमारास येथे समुद्रशैवालाची व्यापारी शेती सुरू झाली. उथळ पाण्यात खुंट्यांना दोऱ्या बांधून शैवाल वाढवतात. हे काम करणाऱ्या बहुतांश स्त्रिया असून अनेकींच्या हाती प्रथमच स्वतःचा पैसा आला. पाण्याचे वाढते तापमान व त्यातून येणारे रोग यांमुळे ही शेती अलीकडे अडचणीत आहे. पर्यटकाच्या छायाचित्रात या स्त्रिया किनाऱ्याच्या सौंदर्याचा भाग होतात. प्रत्यक्षात त्या आपल्या शेतात उभ्या असतात व परवानगीवाचून कोणाच्या शेतात शिरू नये, हा शिष्टाचार आपल्याकडेही आहेच.

उत्तरेकडील नुंग्वी येथे शिडाच्या होड्या आजही हाताने बांधल्या जातात. दक्षिणेकडील माकुन्डुची येथे जुलैमध्ये 'म्वाका कोग्वा' हा नववर्षाचा उत्सव होतो. त्याची कालगणना इराणी नवरोजाशी नाते सांगते. केळीच्या खुंटांनी लुटुपुटूची लढाई होते आणि वर्षभराची भांडणे तेथे मिटवली जातात. किनाऱ्यावरील मुक्कामात इतका इतिहास उघड्यावर पसरलेला असताना 'संस्कृतीचा एक दिवस' वेगळा काढण्याचे कारण उरत नाही.

नियोजनाची रूपरेषा :

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन अभ्याससहलीसाठी किंवा वैयक्तिक सुट्टीसाठी सात दिवसांची एक रूपरेषा सुचवता येईल. पहिले तीन दिवस नगरासाठी ठेवावेत. त्यांतील एक संपूर्ण दिवस खाडीपलीकडच्या भागास द्यावा आणि एक संध्याकाळ ताराबसाठी राखावी. चौथ्या दिवशी लवंगेचा मळा पाहावा. वाटाड्यास मसाल्यांच्या नावांबरोबर मळ्यातील मजुरी व जमिनीच्या मालकीविषयी प्रश्न विचारावेत. पुढील तीन दिवस पूर्व किंवा दक्षिण किनाऱ्यावर काढावेत व भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून दिनक्रम आखावा. मुक्काम गावातील माणसांच्या मालकीच्या निवासात असल्यास खर्चाचा अधिक वाटा गावात राहतो.

बेटावरील बहुसंख्य लोक मुस्लिम असल्याने नगरात व खेड्यात अंगभर कपडे घालावेत. रमजान महिन्यात दिवसा उघड्यावर खाणे-पिणे टाळावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी प्रवाशांना झांझिबारच्या विमा महामंडळाचा प्रवासविमा सक्तीचा करण्यात आला, याचीही तरतूद करावी. निघण्यापूर्वी गुर्ना यांची एखादी कादंबरी आणि सुलतानकन्या सालमे हिचे १८८६ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचावे. सालमेने आपल्या आठवणींत गुलामगिरीची काहीशी बाजू घेतलेली आहे. तेवढ्यासाठीही ते पुस्तक वाचणे उपयुक्त आहे, कारण राजवाड्याच्या खिडकीतून बाजार कसा दिसत होता हे त्यातून कळते.

निष्कर्ष :

१. झांझिबारच्या संदर्भात किनारा व संस्कृती यांची फारकत इतिहासाला धरून नाही. मोसमी वारे, प्रवाळदगड, तिवर व ओहोटी यांनी तेथील संस्कृती घडवली आहे.

२. आजच्या पर्यटनात दिसणारी दगडी घरे व लवंगेचे मळे हे गुलामांच्या श्रमातून व मोठ्या प्रमाणात भारतीय भांडवलातून उभे राहिले. भारतीय प्रवाशास या इतिहासात तटस्थ प्रेक्षकाची भूमिका घेता येत नाही.

३. मुंबई व नाशिक यांचा झांझिबारशी असलेला संबंध केवळ व्यापारी नव्हता. राजकीय निवाडे, निर्वासित राजपुत्र, मुक्त केलेली मुले व ध्वनिमुद्रित गाणी यांच्या द्वारेही तो घडला. महाराष्ट्राच्या प्रादेशिक इतिहासलेखनात या संबंधास अधिक जागा मिळणे आवश्यक आहे.

४. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत न्गांबो व शैवालाची शेती यांना स्थान देणे वा न देणे हा सोयीपुरता प्रश्न नाही. कोणाचे जीवन स्मरणयोग्य मानावयाचे, याचा निर्णय त्यातून होतो.

सुट्टीवर जाणाऱ्याने विश्रांती घेऊ नये, असा या विवेचनाचा अर्थ नाही. वाळूवर बसणाऱ्यास समोरचे पाणी ओसरताना दिसेल आणि दोऱ्या-खुंट्या घेऊन स्त्रिया आत जाताना दिसतील. त्या कोण, या खडकाळ किनाऱ्यावर त्यांचे पूर्वज का राहिले आणि त्या इतिहासात आपल्या व्यापाऱ्यांच्या वहीतील एक पान कसे आहे, एवढे त्यास ठाऊक असले, तरी त्या सुट्टीचे नियोजन पुरेसे झाले असे म्हणता येईल.